वखारीतली घरे आणि त्यांचा हिशेब

लंडनमध्ये टॉवर ब्रिजच्या दक्षिण टोकाला शॅड थेम्स नावाचा एक अरुंद रस्ता आहे. दोन्ही बाजूंना विटांच्या उंच वखारी आणि डोक्यावर या वखारीतून त्या वखारीत जाणारे लोखंडी पूल. या पुलांवरून एके काळी पिंपे आणि पोती ढकलत नेत. आता त्यांतल्या काहींवर फुलझाडांच्या कुंड्या दिसतात, कारण ते फ्लॅटचे सज्जे झाले आहेत. इमारतींची नावे सिनॅमन वॉर्फ, कार्डमम बिल्डिंग, क्लोव्ह बिल्डिंग. दालचिनी, वेलदोडे, लवंगा आशियाच्या बंदरांतून इथे उतरत आणि इथून विलायतभर जात. जुन्या वखारीचे घर केले की त्याला काय भाव येतो, हे सांगताना या रस्त्याचे उदाहरण हमखास दिले जाते. या धंद्यात इथे कोण बुडाले, ते मात्र कुणी सांगत नाही.

या रस्त्यावरचा सर्वांत मोठा समूह बटलर्स वॉर्फ. 1871 ते 1873 या काळात बांधलेला आणि 1972 मध्ये बंद पडलेला. मालवाहतूक कंटेनरमध्ये गेली, मोठी जहाजे थेम्सच्या मुखाकडे टिलबरीला थांबू लागली आणि शहरातल्या वखारींना काम उरले नाही. मग तिथे स्वस्त भाड्याने चित्रकार, शिल्पकार आले; चित्रपट दिग्दर्शक डेरेक जार्मन त्यांच्यातलाच. 1980 च्या दशकात ‘हॅबिटॅट’ दुकानांमुळे घराघरांत पोहोचलेले टेरेन्स कॉनरन यांनी ही जागा हाती घेतली. त्यांची दृष्टी चांगलीच होती. खाली उपाहारगृहे, वर घरे, शेजारी 1989 मध्ये उघडलेले डिझाइन म्युझियम. तरीही त्यांची बटलर्स वॉर्फ कंपनी 1990 च्या अखेरीस धनकोंच्या रिसीव्हरच्या ताब्यात गेली. ब्रिटनचा मूळ व्याजदर 1988 च्या मध्यास साडेसात टक्क्यांच्या आसपास होता, तो 1989 च्या ऑक्टोबरमध्ये 15 टक्क्यांवर पोहोचला. अर्धवट दुरुस्त झालेली वखार विकता येत नाही आणि तिच्यावरचे व्याज थांबत नाही. मंदी सरल्यावर तिथली घरे महागली, पण तो फायदा नंतर आलेल्यांच्या पदरात पडला.

या व्यवसायाबद्दल माझे मत इथूनच बनते. जुन्या वखारींच्या रूपांतरात पैसा आहे, पण तो विटांच्या भिंतीत किंवा लोखंडी खांबांत नसतो. तो इमारत कोणत्या भावाने घेतली, सरकारने किती भार उचलला आणि कर्ज किती काळ पेलता आले, या तीन गोष्टींत असतो. भिंतीचे सौंदर्य ही विक्रीची बाजू झाली. हिशेब त्याआधीच ठरलेला असतो.

न्यूयॉर्कच्या सोहो भागाचा इतिहास याला दुजोरा देतो. बिडाच्या नक्षीदार दर्शनी भागांच्या तिथल्या इमारतींत कापड, कागद, खेळणी यांचे कारखाने आणि साठे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर हे धंदे शहराबाहेर गेले. आगींच्या प्रमाणामुळे अग्निशमन दलात या भागाला नरकाचे शंभर एकर म्हणत. शिवाय शहराचे बडे नियोजनकार रॉबर्ट मोझेस यांच्या नियोजित द्रुतगती मार्गाची टांगती तलवार होती. रस्ता होणार म्हणून मालक दुरुस्ती करत नव्हते आणि म्हणूनच भाडी कमी होती. कलावंत तिथे बेकायदा राहू लागले. आग लागल्यास वर माणसे आहेत हे जवानांना कळावे म्हणून दाराशी ‘आर्टिस्ट इन रेसिडेन्स’च्या आद्याक्षरांची पाटी लावण्याची पद्धत पडली. फ्लक्सस या कलाचळवळीच्या जॉर्ज मॅच्युनस यांनी 80 वूस्टर स्ट्रीट ही इमारत कलावंतांची सहकारी संस्था करून ताब्यात घेतली. द्रुतगती मार्गाचा बेत 1969 मध्ये रद्द झाला, 1971 मध्ये नोंदणीकृत कलावंतांना तिथे राहायची कायदेशीर मुभा मिळाली आणि 1973 मध्ये सोहो हा वारसा परिसर ठरला. चार-पाच वर्षांत झालेल्या या तीन निर्णयांनी भाव ठरवला. 1982 मध्ये राज्याने लॉफ्ट कायदा करून बेकायदा राहणाऱ्यांना संरक्षण दिले आणि मालकांवर दुरुस्तीचे बंधन घातले. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ शॅरन झुकिन यांचे ‘लॉफ्ट लिव्हिंग’ आले. कलावंतांनी जागेला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि त्या प्रतिष्ठेची किंमत जमीनमालकांनी वसूल केली, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. कलावंत नसलेल्यांना तिथे सरळ राहता यावे, अशी क्षेत्रबदलाची तरतूद व्हायला 2021 उजाडले. मधली पन्नास वर्षे लाखो डॉलरच्या घरांत राहणारे कित्येक जण कागदोपत्री नियमबाह्य होते. दलाल खांदे उडवीत, वकील पत्रे लिहीत आणि व्यवहार होत राहत. आपल्याकडच्या ओसीविना, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राविना, घरांची आठवण यावी, असाच हा प्रकार.

अमेरिकेत गुंतवणूकदाराला या क्षेत्रात खऱ्या अर्थाने आणले ते करसवलतीने. 1976 मध्ये करकायद्याने प्रथम वारसा इमारतींकडे पाहिले. 1981 मध्ये मान्यताप्राप्त वारसा इमारतीच्या पुनर्वसनावर 25 टक्के करकपात मिळू लागली आणि 1986 मध्ये ती 20 टक्क्यांवर आली. ती आजही आहे. 2017 नंतर मात्र ती एकाच वर्षी न मिळता पाच वर्षांत सम हप्त्यांनी मिळते. पात्र खर्च एक कोटी डॉलर झाला, तर वीस लाख डॉलर थेट करातून वजा होतात, म्हणजे दर वर्षी चार लाख. ही उत्पन्नातली वजावट नव्हे, भरायच्या करातली आहे, म्हणून तिला रोख रकमेसारखी किंमत असते. विकासकाकडे एवढा कर भरण्याजोगे उत्पन्न नसले, तर तो एखाद्या बँकेला किंवा मोठ्या कंपनीला भागीदार करून घेतो. ती पैसा घालते आणि करकपात घेते.

अटी मात्र कडक आहेत. इमारत खरेदीचा खर्च यात धरत नाहीत, शेजारी बांधलेली नवी भर धरत नाहीत. खर्च इमारतीच्या घसारा वजा जाता उरलेल्या किमतीपेक्षा जास्त असावा लागतो. थातुरमातुर रंगरंगोटी चालत नाही. बदल नॅशनल पार्क सर्व्हिसच्या निकषांत बसावे लागतात, आणि खिडक्यांवर सर्वांत जास्त वाद होतात. इमारत उत्पन्न देणारी असावी लागते; स्वतःच्या राहत्या घराला ही सवलत नाही. पाच वर्षांच्या आत विकली, तर सवलतीचा हिस्सा परत करावा लागतो. म्हणूनच अमेरिकेतल्या कित्येक जुन्या वखारी आधी भाड्याच्या घरांच्या होतात आणि पाच वर्षे उलटल्यावर त्यांतले फ्लॅट विकायला निघतात. वास्तुकलेतले निर्णय कराच्या तारखेवर बेतलेले दिसतात, त्याचे कारण हे.

सेंट लुईस शहराचा वॉशिंग्टन अव्हेन्यू या यंत्रणेचे बळ आणि मर्यादा दोन्ही दाखवतो. बूट आणि तयार कपड्यांच्या व्यापाऱ्यांच्या अवाढव्य वखारी तिथे रिकाम्या पडल्या होत्या. मिसूरी राज्याने 1998 पासून स्वतःची 25 टक्के करकपात दिली. केंद्राचे 20 आणि राज्याचे 25 मिळून जवळजवळ निम्मा खर्च सरकारी खजिन्यातून येऊ लागल्यावर रस्ता झपाट्याने बदलला. 2008 ची मंदी आली, विक्री थंडावली, आणि 2010 च्या सुमारास राज्याने मोठ्या प्रकल्पांच्या सवलतीवर वर्षाला 14 कोटी डॉलरची मर्यादा घातली. नफा सरकारच्या पैशावर उभा असेल, तर सरकारचे मन बदलणे हीच मोठी जोखीम असते.

ब्रिटनने वेगळा मार्ग घेतला आणि मला तो विसंगत वाटतो. तिथे नवे घर बांधण्यावर मूल्यवर्धित कर शून्य. राहत्या नसलेल्या इमारतीचे घर करण्याच्या कामावर 5 टक्के. आणि आधीपासून घर असलेल्या वारसा इमारतीच्या दुरुस्तीवर 20 टक्के. 2012 पर्यंत मान्यताप्राप्त फेरफारांवर शून्य दर होता, तो त्या वर्षाच्या ऑक्टोबरपासून काढून टाकला. म्हणजे वखारीचे घर करताना थोडी मदत, नंतर ते जपताना दंड. फ्लॅट घेणाऱ्याने हा फरक विसरू नये, कारण विकासकाचा खर्च एकदाच होतो, तर छप्पर आणि खिडक्या दर पिढीला येतात.

आता इमारतीकडे वळू. जाहिराती इथेच सर्वाधिक फसवतात. प्रत्येक जुनी वखार घर व्हायला योग्य नसते आणि ती योग्य आहे का, हे बऱ्याच अंशी तिथे पूर्वी काय साठवले जाई यावरून कळते. मँचेस्टरच्या व्हिटवर्थ स्ट्रीटवर 1906 ची ‘इंडिया हाऊस’ नावाची इमारत आहे. इथे लँकेशायरचे कापड तपासून, दाबून, गठ्ठे बांधून निर्यातीसाठी जाई. कापडाचा रंग आणि वीण पारखायला उजेड लागतो. म्हणून मँचेस्टरच्या वखारींना मोठ्या खिडक्या होत्या. माणसांना राहायला तोच उजेड उपयोगी पडला. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या वखारींची घरे होऊ लागली. पुढाकार एका हाउसिंग असोसिएशनचा होता, आणि 1988 ते 1996 या काळातल्या सेंट्रल मँचेस्टर डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनच्या मदतीने बाकीचे बिल्डर मागोमाग आले.

याच व्यापाराचे दुसरे टोक मुंबईत होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865 दरम्यान, लँकेशायरला अमेरिकी कापूस मिळेना. तेव्हा खानदेश-वऱ्हाडासह पश्चिम भारताच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून मुंबईत भराव टाकून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले, आणि युद्ध संपताच 1865 मध्ये सगळे कोसळले. त्या काळचे बडे सटोडिये प्रेमचंद रायचंदही त्यात गळ्यापर्यंत बुडाले. मुंबईला जमिनीच्या सट्ट्याची ओळख तेव्हापासूनची आहे.

मँचेस्टरच्या उलट टोकाला लिव्हरपूलची स्टॅनली डॉक तंबाखू वखार. 1901 मध्ये बांधलेली, चौदा मजली, सुमारे दोन कोटी सत्तर लाख विटांची. जगातल्या सर्वांत मोठ्या विटांच्या इमारतींत तिची गणना होते. पण तंबाखूची पिंपे फार उंच रचत नसल्याने मजल्यांची उंची सव्वासात फुटांच्या घरात, आणि इमारत इतकी खोल की मधल्या भागात दिवसाही अंधार. ती दशकानुदशके रिकामी राहिली. शेवटी मधला गाभा पोखरून चौक काढला, तेव्हा कडेच्या घरांना दोन्हीकडून उजेड मिळाला. विकण्याजोगे क्षेत्रफळ पाडून उरलेले विकायचे, हे गणित ऐकायला उरफाटे, पण खोल वखारींत ते अनेकदा एकमेव असते. खिडकीपासून सात-आठ मीटरच्या पलीकडे उजेड पोहोचत नाही. तिथे फार तर स्वयंपाकघर, न्हाणीघर, कपाटे घालता येतात.

वखारीची जमेची बाजू तिची ताकद. शेकडो टन मालासाठी बांधलेले मजले घरातल्या सामानाचा भार सहज पेलतात, त्यामुळे वर एखादा नवा मजलाही चढवता येतो. बाकीच्या गोष्टी तपासल्याशिवाय बोलू नये. बिडाचे खांब भार उत्तम घेतात, पण ठिसूळ असतात. आगीत तापल्यावर पाण्याचा फवारा बसला की तडकू शकतात. जाड लाकडी तुळया उलट हळूहळू जळतात आणि बराच वेळ तग धरतात. लंडनच्या टूली स्ट्रीटवर, म्हणजे शॅड थेम्सपासून हाकेच्या अंतरावर, 22 जून 1861 रोजी वखारींना आग लागली. ताग, कापूस, चहा, मसाले असे सगळे पेटले. विमा कंपन्यांच्या अग्निशमन दलाचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड कोसळत्या भिंतीखाली गेले आणि आग विझायला दोन आठवडे लागले. विमा कंपन्यांनी हात वर केल्यावर सरकारी अग्निशमन दल उभे राहिले, ते 1865 च्या कायद्याने. आजही रूपांतराच्या खर्चात जिने, अग्निरोधक दरवाजे, फवारे आणि मजल्यांमधला आवाज रोखणारे थर यांचा वाटा मोठा असतो. पाहुण्यांना विटांची उघडी भिंत दिसते, यांतले काहीच दिसत नाही.

त्या उघड्या भिंतीचीही एक गोम आहे. चुन्यात बांधलेली भरीव भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर आतून प्लॅस्टिकचा थर किंवा बाहेरून सिमेंट मारले की ओल अडकते, तुळईची टोके कुजतात. थर न द्यावा, तर थंड देशात ऊर्जेचे बिल वाढते. इंग्लंडमध्ये भाड्याने द्यायच्या घराला, अपवाद सोडल्यास, ऊर्जा प्रमाणपत्रात किमान ‘ई’ श्रेणी लागते.

कायद्याचे एक कलम मात्र प्रत्येक खरेदीदाराने उशाशी ठेवावे. इंग्लंडमध्ये नोंदणीकृत वारसा इमारतीत परवानगीशिवाय फेरफार करणे हा 1990 च्या कायद्यानुसार फौजदारी गुन्हा आहे. फेरफार पूर्ववत करण्याची नोटीस सध्याच्या मालकाला येते, मग ते आधीच्या मालकाने वीस वर्षांपूर्वी केलेले का असेनात. मुदतीची सवलत नाही. मँचेस्टर-लंडनमध्ये नोकरीला गेलेली आपली मुले असे फ्लॅट घेतात आणि इथले आईवडील त्यात पैसे घालतात. त्यांनी मुद्रांक शुल्काचाही हिशेब करावा. दुसरे घर असल्यास अधिभार 31 ऑक्टोबर 2024 पासून 5 टक्के आहे आणि खरेदीदार अनिवासी असल्यास त्यावर आणखी 2 टक्के. शिवाय बहुतेक फ्लॅट भाडेपट्ट्याचे असतात. जमीन दुसऱ्याची, आणि देखभाल शुल्क किती असावे यावर आपला ताबा नाही. सिडनीच्या वुलूमूलू बंदरातला सुमारे चारशे मीटर लांबीचा लाकडी धक्का फ्लॅट आणि हॉटेल होऊन प्रसिद्ध झाला. तिथेही पट्टा 99 वर्षांचा. पट्टा संपत आला की किंमत उतरू लागते, इमारत कितीही देखणी असो.

काही शहरांनी वखारींची घरे केलीच नाहीत, हेही लक्षात घ्यावे. हॅम्बुर्गची श्पायशरश्टाट 2015 मध्ये जागतिक वारसा झाली. पुराच्या धोक्यामुळे तिथे राहण्याला दीर्घकाळ मुभा नव्हती. कार्यालये आणि संग्रहालये आली. सिंगापूरच्या क्लार्क कीवर खाणावळी आल्या. कोचीच्या अ‍ॅस्पिनवॉल हाऊसमध्ये 2012 पासून कलेची बिएनाले भरते. मुंबईत 2017 मध्ये ससून डॉकच्या वखारीत काही आठवडे चित्रे लागली.

मग मुंबईत वखारींची घरे का होत नाहीत? इमारती नाहीत असे नाही. मशीद बंदर, वाडी बंदर, शिवडी, कॉटन ग्रीन इथे चालत जावे. जाड भिंती, रुंद दरवाजे, पत्र्याची उतरती छपरे. अडते ते जमिनीच्या भावापाशी आणि एफएसआयपाशी, म्हणजे जमिनीच्या तुलनेत किती बांधता येते त्या निर्देशांकापाशी. एक-दोन मजली गोदामाने वापरलेला एफएसआय थोडा आणि पाडून मिळणारा जास्त असेल, तर मालकाच्या लेखी उभ्या भिंतीची किंमत शून्याच्याही खाली जाते. ती पाडण्याआड येते, एवढेच तिचे मूल्य. जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(7) खाली 3 एफएसआय मिळतो. इमारत जपून आतून बदलणाऱ्याला त्याच्या तोडीचे काही मिळत नाही. मुंबईने 1995 मध्ये वारसा नियमावली केली, आणि देशात ती पहिली. श्रेणी ठरल्या, वाया गेलेल्या एफएसआयच्या बदल्यात टीडीआरची, म्हणजे दुसरीकडे वापरता येणाऱ्या विकास हक्काची, तरतूद झाली. पण टीडीआर जपणुकीचे नुकसान भरून देतो, दुरुस्तीचा खर्च भरून देत नाही. त्यात पागडीचे भाडेकरू, पोटभाडेकरू, वर्षानुवर्षांचे खटले. गाळा एकाचा, माळा दुसऱ्याचा, भाडेपावती तिसऱ्याच्या नावावर, अशा इमारतीला कोणती बँक कर्ज देईल?

गिरण्यांनी धडा दिलेलाच आहे. 1982 च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे केले. एक महापालिकेच्या मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकासाठी. 2001 च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरते उरले. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये जनतेच्या बाजूने निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये तो फिरवला. सुमारे सहाशे एकरांच्या गिरणगावात शाबूत इमारतीचा वापर बदलून घरे केल्याची उदाहरणे शोधावी लागतात. फिनिक्सची चिमणी मॉलच्या अंगणात उभी आहे. कमला मिलच्या आवारात जुन्या जागी उपाहारगृहे आली आणि 29 डिसेंबर 2017 रोजी मध्यरात्रीनंतर आगीत चौदा जण गेले. वापर बदलायचा आणि अग्निसुरक्षा कागदावर ठेवायची, याचा तो हिशेब.

आता डोळे पूर्व किनाऱ्याकडे लागले आहेत. मुंबई बंदराची जमीन सुमारे अठराशे एकर आहे. 2013 मध्ये पूर्व मुक्तमार्ग झाला, जानेवारी 2024 मध्ये शिवडीहून अटल सेतू सुरू झाला. लंडनच्या गोदी भागात 1987 ची डॉकलँड्स रेल्वे आणि 1999 ची ज्युबिली मार्गाची वाढ यांनी जे केले, ते इथे रस्त्यांनी करायला घेतले आहे. फरक असा, की इथे जमीन बंदराची राहील आणि खरेदीदाराच्या हाती भाडेपट्टाच येईल. शिवाय भरतीच्या रेषेलगतच्या या जमिनीत दशकानुदशके तेल, कोळसा आणि रसायने मुरलेली आहेत. त्यांच्या सफाईचा खर्च कुणाचा, हे आधी ठरावे लागेल.

नियोजनकारांकडे माझी मागणी एकच आहे. आराखड्याच्या नकाशावर रंग भरण्याआधी बंदरातल्या प्रत्येक वखारीची मोजणी करा. बांधणीचे वर्ष, खांबांची जात, मजल्याची उंची, इमारतीची खोली, आत कोण आहे आणि कोणत्या हक्काने, सगळे नोंदवून यादी जाहीर करा. घर होण्याजोग्या वखारी थोड्या निघतील. त्यांना पाडण्याइतकाच फायदा जपण्यात मिळेल असा दर द्या, बाकीच्यांना बाजार, शाळा, ग्रंथालय होऊ द्या. तोवर ‘हेरिटेज लॉफ्ट’ असे गोंडस नाव लावून कुणी फ्लॅट विकायला आला, तर वाचकांनी त्याच्याकडे आधी चार कागद मागावेत: वापरबदलाची परवानगी, ओसी, अग्निशमन दलाचा दाखला आणि भाडेपट्ट्याची उरलेली वर्षे दाखवणारा करार. यांतला एकही कमी असेल, तर विटा कितीही जुन्या असोत, बयाणा देऊ नये.